दोन अंगठ्यांपुरतं

शेडमध्ये बोलून लिहिता येत नाही.
चोवीस माग चालू असताना
फोनला "धागा तुटला" म्हटलं
तर तो "दादा सुटला" लिहितो.
काचेवर लिहावं तर डोळे काचेवर लागतात,
आणि डोळे हलले की वीतभर चादर वाया.

म्हणून दोन्ही हातांत धरता येईल,
नुसत्या अंगठ्यांनी, न बघता चालेल
असा कीबोर्ड करायला घेतला.
अशोक चौकाच्या मागं, दीड खोलीत, एप्रिलमध्ये,
पंखा बंद ठेवून,
कारण वाऱ्यानं सोल्डर धड वितळत नाही.

इरेश दारातून डोकावला.
"काय करायलास बे? टीव्हीचा रिमोट?"
"तसंच समज."

उभ्या तारा सहा, आडव्या पाच.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
उभी आडवीला भेटते तिथं एक अक्षर.
ताण्याबाण्याचं तरी दुसरं काय असतं,
फक्त इथं नक्षी पुसता येते.
बटणं जुन्या कॅल्क्युलेटरची, पाच कॅल्क्युलेटर फोडले.
सगळं बसलं, ळ उरला.
ळ शिवाय सोलापुरात लिहायचं काय?
गाळा, रात्रपाळी, गोंधळ, सगळं त्याच्याच जिवावर.
शेवटी त्याला ल च्या पोटात घातला:
दाबून धरला की बाहेर येतो.

पहिल्या रात्री तीन बटणं एकदम दाबली गेली
आणि पडद्यावर चौथं अक्षर आलं,
कुणी न दाबलेलं.
जाणकार याला भूत म्हणतात.
प्रत्येक बटणामागं एक डायोड लावायचा,
म्हणजे वीज आल्या वाटेनं माघारी जात नाही.

नायना पियानो मशीनवर बसायचे.
त्यावर गाणं नाही, भोकं पडायची,
जॅकार्डच्या पुठ्ठ्यावर, ओळीनं, मोराच्या चादरीसाठी.
एका साली एक भोक जास्त पडलं
आणि शंभर डझन मोरांना
मानेवर तिसरा डोळा आला.
मालकानं दोन हप्ते कापले.
"मी दाबलंच नव्हतं," नायना म्हणायचे,
जेवताना, गच्चीवर झोपताना,
दवाखान्यात नळी नाकात असतानाही.
आम्ही हसायचो.
तिसावा डायोड लावताना
हातातली सोल्डरगन तशीच धरून
मी बराच वेळ बसलो.

अम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
कीबोर्ड तिच्या हातात दिला.
तिनं अक्षरं बघितलीच नाहीत, तिला तेलुगूच येतं, तेही सहीपुरतं.
अंगठे फिरवले.
"हे कोपऱ्यातलं कुणासाठी?
अंगठा सरळ जातो का रे? वळून जातो."
मग सुपाकडं हनुवटी केली:
दोरा हाताशी, तंबाखू मधोमध,
पानं कापून झाली की कात्री लांब.
"रोज लागतं ते जवळ. एवढं कळत नाही?"

अंगठ्याला काजळ लावून
नायनांच्या एका जुन्या पुठ्ठ्यावर फिरवला.
भोकांवरून एक कमान उमटली, मग दुसरी.
सगळं उसवलं. पुन्हा जोडलं, कमानीवर.
काना दोऱ्याच्या जागी. ज्ञ कात्रीच्या.
अम्माचा पत्र्याचा जुना फर्मा,
पानं कापून कापून कडेनं झिजलेला,
बॅटरीवर झाकण म्हणून बसवला.
थोडा हलतो. खाली विडीचा कागद घातलाय.

काल रात्री अडीचला लाईट गेली.
माग एकापाठोपाठ एक गप झाले
आणि कानात नुसती शिट्टी राहिली.
अंधारात टक, टक, टक.
"कोण सुपारी फोडायलाय बे?" जॉबर ओरडला.

मी लिहीत होतो:
सकाळच्या पाळीला निरोप.
सात नंबरचा धागा तुटलाय, जोडून घ्या.

ळ अजून अडकतो.
दोन्ही वेळा अडकला.